शेजारी देशात सैन्य घुसलं, तर बाकीच्यांनी काय करावं? बाजू निवडणाऱ्यांसाठी एक तुलना

माझी भाची परवा संध्याकाळी एक कागद घेऊन आली. तिच्या कॉलेजात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या धर्तीवर वादस्पर्धा आहे. प्रत्येक जोडीला एक काल्पनिक देश दिलाय. हिच्या वाट्याला आलेला देश मध्यम आकाराचा, नकाराधिकार (सुरक्षा परिषदेतला ठराव एकट्यानं अडवण्याचा हक्क) नसलेला आणि हल्लेखोर देशाकडूनच तेल विकत घेणारा. कागदावर चार पर्याय छापलेले: सैन्य पाठवणे, आर्थिक निर्बंध घालणे, हल्ला झालेल्या देशाला शस्त्रं देणे, तटस्थ राहणे. "मावशी, यातला एकच घ्यायचाय आणि शेवटपर्यंत त्याच्याच बाजूनं बोलायचंय. कुठला घेऊ?"

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवूनसुद्धा मला चटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघी रात्री साडेअकरापर्यंत बसलो. कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेत मी आणखी दोन पर्याय लिहिले: बळकावलेल्या मुलखाला मान्यता न देणं आणि पळून आलेल्यांना आसरा देणं. बातम्या बघून "आपण काय करायला पाहिजे" असं घरात वाद घालणाऱ्या सगळ्यांनाच हा प्रश्न पडतो, म्हणून त्या रात्रीचं बोलणं इथं नीट मांडते.

आमच्या शिरोळकडच्या गावात एखाद्यानं शेजाऱ्याचा बांध कोरला तर गाव काय करतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. दोन-चार जण काठ्या घेऊन उभे राहतात. कुणी म्हणतं, याला पाळीचं पाणी देऊ नका. कुणी मोजणीचा अर्ज लिहून देतो. बरेच जण गप्प बसतात, कारण ऊसतोडीला त्याच माणसाचा ट्रॅक्टर लागणार असतो. देशांचंही याहून फार वेगळं होत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला आम्ही तीनच प्रश्न लावले: जमीन परत मिळाली का, मिळाली तर किती वर्षांनी, आणि किंमत कुणी मोजली?

सैन्य: कुवेत, आणि कुवेतच का

जमीन परत मिळवून देण्यात सगळ्यात झटपट हाच पर्याय. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. सुरक्षा परिषदेनं त्याच दिवशी माघारीचा ठराव केला आणि चारच दिवसांत जवळजवळ पूर्ण व्यापारबंदी लादली. २९ नोव्हेंबरला ठराव क्रमांक ६७८ झाला. त्यात इराकला १५ जानेवारी १९९१ पर्यंतची मुदत दिली होती. ठरावाच्या बाजूनं १२ मतं, विरोधात क्यूबा आणि येमेन, चीन तटस्थ. १७ जानेवारीला हवाई हल्ले सुरू झाले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई, आणि ती १०० तासांत आटोपली. सात महिन्यांत एक अख्खा देश नकाशावर परत आला.

खर्चाचं बघा. अमेरिकेनं हिशेब लावला तो सुमारे ६,१०० कोटी डॉलरचा, आणि त्यातला बहुतेक भार कुवेत, सौदी अरेबिया, जपान, जर्मनी यांनी उचलला. हरलेल्या इराकला तेलाच्या उत्पन्नातून नुकसानभरपाई भरावी लागली. एकूण ५,२४० कोटी डॉलरचा हा भरणा संपायला २०२२ उजाडलं. म्हणजे हल्ल्याच्या वेळी जन्मालाही न आलेल्या इराकी मुलांनी तो फेडला.

भाचीचे डोळे चमकले. "मग हाच घेते की." मी म्हटलं, थांब, हे जमलं कशामुळं ते बघ. शीतयुद्ध संपत आलेलं, मॉस्को आणि वॉशिंग्टन बऱ्याच वर्षांनी एका बाजूला आलेले. इराककडे अणुबॉम्ब नाही, नकाराधिकार नाही. कुवेतखाली तेल, आणि शेजारी सौदी अरेबिया तळ द्यायला तयार. यातली एक जरी अट गळली तरी गणित फिसकटतं. २०२२ मध्ये युक्रेनच्या बाबतीत सगळ्याच गळल्या. २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला, ११ मतं बाजूनं पडली आणि रशियानं एकट्यानं तो अडवला. आरोपी स्वतःच न्यायाधीशांच्या बाकावर बसलेला असला की दुसरं काय होणार? शिवाय युक्रेननं १९९४ च्या बुडापेस्ट करारात आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली होती, ती सीमा न मोडण्याच्या आश्वासनावर. ते आश्वासन देणाऱ्या तीन देशांपैकीच एकानं सीमा मोडली. हे शिकवताना माझा आवाज आजही चढतो.

मध्यम देशांनी कुवेतमधून येमेनची गोष्ट लक्षात ठेवावी. विरोधी मत दिल्यावर त्या गरीब देशाची अमेरिकी मदत तोडली गेली, आणि त्या काळात इराकविरोधी आघाडीत न गेल्याबद्दल लाखो येमेनी कामगारांना सौदी अरेबिया सोडावं लागलं. हात वर करण्याचीसुद्धा किंमत असते.

निर्बंध: अर्धे घालणार असाल तर घालू नका

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण हा पर्याय सगळ्यांना आवडतो. आपला जवान मरत नाही आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

३ ऑक्टोबर १९३५ ला मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात शिरल्या. इथिओपिया राष्ट्रसंघाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचा, सदस्य होता. राष्ट्रसंघानं इटलीला आक्रमक ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये निर्बंध लावले. कशावर? कर्जावर, काही कच्च्या मालावर, इटलीतून होणाऱ्या आयातीवर. ज्या तेलावर रणगाडे आणि विमानं चालतात ते तेल यादीत नव्हतं. कोळसाही नव्हता. सुएझ कालवा ब्रिटन आणि फ्रान्सच्या हातात होता. तो बंद केला असता तर इटलीची रसद तुटली असती, पण कालवा उघडा राहिला आणि सैनिकांनी भरलेली इटलीची जहाजं टोल भरून त्यातून जात राहिली. त्यावर कडी म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी ब्रिटन-फ्रान्सनं दोन्ही बाजूंना शस्त्रं विकणं थांबवलं होतं. ऐकायला न्याय वाटतो. पण इटलीत शस्त्रांचे कारखाने होते, इथिओपियात नव्हते. मग ही बंदी कुणावर पडली?

डिसेंबरमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी इथिओपियाचा मोठा तुकडा इटलीला देण्याचा गुप्त आराखडा केला. तो पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटला आणि ब्रिटिश मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. तिकडे इटलीची विमानं विषारी मोहरी वायू टाकत होती. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हाला गेला आणि आपल्या भाषेत, अम्हारिकमध्ये बोलायला उभा राहिला. प्रेक्षकांतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. त्याचं भाषण झाल्यावर पंधरा दिवसांत निर्बंध उठले.

वर्गात हा धडा घेताना मी मुलांना विचारायची, इथिओपियाचा घात कुणी केला? मुलं म्हणायची, मुसोलिनीनं. ते खरंच आहे. पण "आम्ही आहोत ना" असं सांगून, ऐन वेळी हात राखून मदत करणाऱ्यांनी जे केलं, ते मला जास्त झोंबतं. भरवसा ठेवून बसलेल्या माणसाला दुसरा आधार शोधायलाही वेळ उरत नाही.

इथिओपिया सुटला तो १९४१ मध्ये, लढाईनंच. त्यात भारतीय पलटणी होत्या. एरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर मराठा लाइट इन्फन्ट्री लढली, आणि 'केरेन' हा त्या रेजिमेंटचा युद्धसन्मान आहे. आमच्या तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत जातात. त्यामुळं असल्या दूरच्या डोंगरांची नावं आमच्याकडं अगदीच परकी नाहीत.

आता शेजारी २०२२ ठेवा. या वेळी निर्बंध मोठे होते. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशात असलेली सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, कित्येक बँका पैशाच्या देवघेवीच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून बाहेर काढल्या. पण तेलाचं दुखणं तेच! युरोप तेल आणि वायू विकत घेत राहिला. समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन कच्च्या तेलावर बंदी आणि पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत लागू व्हायला ५ डिसेंबर २०२२ उजाडलं, म्हणजे हल्ल्यानंतर नऊ महिने. तोवर तेलाच्या टँकरांनी नवे रस्ते शोधले होते. भारतानं स्वस्तात तेल घेतलं. आपल्या आयातीत रशियाचा वाटा आधी नगण्य होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. रशियाची अर्थव्यवस्था २०२२ मध्ये थोडी आक्रसली आणि २०२३ मध्ये पुन्हा वाढली. निर्बंधांनी रशियाचं नुकसान झालं, यात मला शंका नाही. फौज मागे गेली नाही, यातही नाही.

निर्बंध पूर्ण घातले तर? इराकवर तसे घातले होते, १९९० पासून २००३ पर्यंत. कुवेतमधून सैन्य निघालं ते त्यानं नव्हे, लढाईनं. पुढं भोगलं ते तिथल्या सामान्य माणसांनी. औषधं आणि अन्नासाठी तेल विकायची वेगळी योजना संयुक्त राष्ट्रांना करावी लागली. इराकचा हुकूमशहा सद्दाम आपल्या महालातच होता.

शस्त्रं: काम होतं, पण हिशेब नंतर येतो

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात उतरलं. अमेरिकेनं आधी गहू-मक्याची विक्री रोखली; अर्जेंटिनानं ती जागा भरून काढली, अमेरिकी शेतकरी ओरडले आणि १९८१ मध्ये बंदी उठली. मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. भारत गेला आणि हॉकीत सुवर्णपदक घेऊन आला. यातल्या कशानंच सैन्य हललं नाही. पाकिस्तानमार्गे मुजाहिदीनांना, म्हणजे सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांना, जाणाऱ्या शस्त्रांनी मात्र त्याला जेरीस आणलं. १९८६ पासून खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं आली, आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सोव्हिएत सैनिक पूल ओलांडून परत गेला. नऊ वर्षं लागली. पण शस्त्रं मागे राहिली, तिथल्या टोळ्यांत राहिली आणि काश्मीरपर्यंत पोचली. तो हिशेब आपण अजून चुकता करतोय.

युक्रेनला शस्त्रं मिळाली ती हप्त्याहप्त्यानं. लांब पल्ल्याचे अग्निबाण २०२२ च्या मध्यात, जर्मन रणगाड्यांना होकार जानेवारी २०२३ मध्ये, एफ-१६ विमानं ऑगस्ट २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी आधी नकार, मग चर्चा, मग होकार. देश टिकला, ही मोठी गोष्ट. कीव्ह चार दिवसांत पडेल म्हणणारे पुष्कळ होते. पण सुमारे पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात राहिला. द्यायचंच होतं तर लवकर द्यायला हवं होतं, असं माझं मत आहे.

तटस्थता

भाचीला वाटत होतं की मी हिला झिडकारीन. तसं नाही. २ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, ५ विरोधात गेले आणि ३५ तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. त्याच दिवसांत आपली हजारो मुलं युक्रेनच्या तळघरांत अडकली होती, आपल्या जिल्ह्यातलीही. दोन्ही राजधान्यांशी बोलता येणं त्या घटकेला उपयोगी होतं, आणि सुमारे साडेबावीस हजार जण परत आले. १९९० मध्ये कुवेत आणि इराकमधून १,७०,००० हून जास्त भारतीयांना आणलं तेव्हाही आपण सद्दामशी बोलणं तोडलं नव्हतं, म्हणून वाट मिळाली.

पण तटस्थ माणूस खर्चातून सुटतो, हा भ्रम आहे. १९९० मध्ये तेल भडकलं, परकीय गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये देशाचं सोनं गहाण टाकायची वेळ आली. त्या संकटाला इतरही कारणं होती, पण आखाताचा धक्का त्यातलं एक होतं. २०२२ मध्ये कोल्हापुरात सूर्यफुलाच्या तेलाचा डबा घेताना हात आखडला, कारण आपलं बरंचसं सूर्यफूल तेल युक्रेनहून यायचं. पोटॅश खत रशिया-बेलारूसकडून येतं, त्यामुळं ऊसवाले हवालदिल. पिग आयर्नच्या (ओतकामाच्या कच्च्या लोखंडाच्या) निर्यातीत रशिया आणि युक्रेन दोघेही मोठे, म्हणजे शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांच्या भट्टीलाही झळ. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. बिल येतंच.

तटस्थतेचं कुरूप रूपही तिला दाखवलं. २२ सप्टेंबर १९८० ला इराकनं इराणवर हल्ला केला. सुरक्षा परिषदेच्या पहिल्या ठरावात इराकला माघार घ्यायला सांगितलंच नाही, दोघांनीही लढाई थांबवा एवढंच म्हटलं. पुढची आठ वर्षं दोन्ही बाजूंना शस्त्रं विकणारे देश निघाले. हल्ला करून पचतो, हे सद्दाम तिथंच शिकला असावा. कुवेतची पाळी त्यानंतर दोन वर्षांनी आली.

मान्यता न देणं

हा पर्याय कागदावर नव्हता, कारण तो दिसत नाही. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया गिळले. अमेरिकेनं सैन्य पाठवलं नाही, पण ते विलीनीकरण मान्यही केलं नाही. अमेरिकेत त्या तीन देशांच्या वकिलाती पन्नास वर्षं उघड्या राहिल्या, ज्यांच्या पाठीशी सरकार नाही अशा माणसांनी चालवलेल्या. १९९१ मध्ये ते देश स्वतंत्र झाले तेव्हा नवा जन्म घ्यावा लागला नाही. जुनाच खंडित धागा जोडला.

उलटं उदाहरण पूर्व तिमोरचं. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियानं तिथं सैन्य उतरवलं. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड जकार्तात होते. संयुक्त राष्ट्रांनी कब्जा मानला नाही, पण शेजारच्या ऑस्ट्रेलियानं १९७९ मध्ये रीतसर मानला आणि पुढं समुद्रतळाच्या तेलाची वाटणीही इंडोनेशियाशी करून घेतली. एक लाखाहून जास्त माणसं त्या काळात दगावली. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर प्रश्न जिवंत होता, म्हणून ३० ऑगस्ट १९९९ ला मतदान घेता आलं. ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. म्हणजे २४ वर्षं. तुर्कस्तानानं बळकावलेल्या सायप्रसच्या उत्तर भागाला तर त्याच्याखेरीज कुणीच मान्यता दिलेली नाही, आणि १९७४ पासून तो परतही आलेला नाही.

आणि मेक्सिको. १९३६ नंतर एकेक देश इथिओपियावरचा इटलीचा ताबा मान्य करत गेला, ब्रिटनसुद्धा. मेक्सिकोनं केला नाही. तेव्हा तो काही बलाढ्य देश नव्हता. आज अदिस अबाबात मेक्सिकोच्या नावाचा चौक आहे आणि मेक्सिको सिटीत इथिओपियाच्या. हे ऐकल्यावर भाचीनं पहिल्यांदा पेन उचललं.

आसरा: वळिवडे

हा पर्याय लिहिताना मला पुस्तक उघडावं लागत नाही. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये त्यांना सुटका मिळाली आणि त्यातली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरशेजारी, वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची.

मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमध्ये आसऱ्याला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून मॉस्कोच्या पसंतीच्या सरकारला दिली. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघातच राहिला. वळिवड्यातल्या त्या बायकांच्या लेखी याचा अर्थ काय? ज्या पोलंडसाठी १९३९ मध्ये ब्रिटननं युद्ध पुकारलं, त्यातलं त्यांचं गाव आता पोलंडच नव्हतं. सैन्य पाठवलं, शस्त्रं दिली, युद्धही जिंकलं, आणि शेवटी सहीनं गाव गेलं. त्या गावांतली पुष्कळ आज युक्रेनमध्ये आहेत. बरेच जण परत न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडं गेले. रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले आणि तिचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो, तेच.

आसऱ्यानं एक गुंठाही परत मिळत नाही. पण माणसं जगतात, आणि ती विसरत नाहीत. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून पळणाऱ्या भारतीय मुलांना पोलंडनं व्हिसाशिवाय आत घेतलं. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही, पोलंडनं तेव्हा लाखोंना घेतलं. पण त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या मला वळिवडं आठवलं, हे खरं.

मग कुठला घ्यावा

तुमच्या वाट्याला आलेला देश बलाढ्य असेल, हल्लेखोराकडे अणुबॉम्ब नसेल आणि सुरक्षा परिषद बरोबर असेल, तर सैन्याची बाजू घ्या आणि कुवेत मांडा. हल्ला झालेल्या देशाला लागून तुमची सीमा असेल तर शस्त्रं, पण पहिल्याच महिन्यात, आणि ती नंतर कुणाच्या हाती पडतील याचं उत्तर तयार ठेवून. निर्बंध घेणार असाल तर तेलापासून सुरुवात करा. तेल वगळणार असाल तर तो पर्याय सोडा. परीक्षक तुम्हाला इथिओपियावरच पकडतील. तटस्थता घेतलीत तर आपली अडकलेली माणसं आणि मध्यस्थी यावर बोला, आणि "आम्हाला काय त्याचं" हा सूर चुकूनही लागू देऊ नका.

भाचीच्या देशाला मी मान्यता न देण्याची बाजू सुचवली, आसऱ्याच्या जोडीनं. तो देश हल्लेखोराचं तेल घेतो. आज निर्बंध जाहीर करून सहा महिन्यांत तोच मोडणार. पण मतदानात हात वर करणं, तो मुलूख कधीही हल्लेखोराचा न मानणं आणि सीमेवर आलेल्यांना आत घेणं, हे तो पन्नास वर्षं निभावू शकतो. "पण मावशी, यानं उद्या जमीन परत येईल का, असं विचारलं तर?" नाही येणार, असंच सांग, म्हटलं. एस्टोनियाला ५१ वर्षं लागली, तेही सांग.

"पण हे दोन्ही छापील कागदावर नाहीत."

"सरांना विचार. आधी विचार, मग तयारी कर."

सरांनी होकार दिलाय. रविवारी सकाळी आम्ही महावीर उद्यानातल्या पोलिश स्तंभापाशी जाणार आहोत आणि तिथून वळिवड्याला. तिचं भाषण बुधवारी आहे.